भर समुद्रात बंब येत नाही, सहा माणसं येतात

प्रश्न असा आला आहे: "माझा भाऊ कार कॅरियरवर, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या जहाजावर, थर्ड ऑफिसर आहे. जहाज बहुतेक वेळ उत्तर समुद्रात आणि बाल्टिकमध्ये असतं. 'फ्रीमँटल हायवे' या तशाच जहाजाच्या आगीची बातमी वाचल्यापासून आई धास्तावली आहे. भर समुद्रात आग लागली तर विझवायला कोण येतं? तिकडे म्हणे वेगवेगळ्या देशांची पथकं एकमेकांच्या हद्दीत जाऊन मदत करतात, ते खरंच चालतं का, की नुसतं कागदावर?"

ताई, आधी आईंना सांगण्यापुरतं उत्तर देतो. मदत येते, आणि चालतंही. पण येतात ती पाच-सात माणसं, हेलिकॉप्टरने, तासा-दोन तासांनी, आणि हेलिकॉप्टरात मावेल तेवढंच सामान घेऊन. गावात आग लागली की मागोमाग टँकर येतात, शिडी येते, गर्दी हटवायला पोलीस येतात. समुद्रात यातलं काही नाही. त्यामुळे पहिला तास जहाजावरच्याच वीस-बावीस जणांचा. त्यात कुक आला, मेसमन आला आणि तुमचा भाऊही आला.

मी एकवीस वर्षं इंजिन रूममध्ये काढली, त्यातली शेवटची चीफ इंजिनिअर म्हणून. आता नवी मुंबईत पोरांना आगीचे कोर्स शिकवतो. नियमाप्रमाणे पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरात निदान १,२०० लिटर हवा असावी लागते, किंवा तो संच ३० मिनिटं चालावा लागतो. माझ्याकडे येणारा धडधाकट पोरगा धुराच्या खोलीत पाइप ओढत दोन जिने चढला की विसाव्या मिनिटाच्या आतबाहेर त्याची शिटी वाजते. ही शिटी म्हणजे हवा संपत आली, मागे फिर. जहाजावर असे संच मोजकेच असतात. दोन-तीन फेऱ्या झाल्या की माणसं थकतात आणि सिलिंडरही रिकामे होतात. बाहेरचं पथक लागतं ते नेमकं तेव्हा.

ही पथकं निघाली ती एका फार वाईट रात्रीमुळे. ७ एप्रिल १९९०, 'स्कँडिनेव्हियन स्टार' ही प्रवासी फेरी ऑस्लोहून डेन्मार्कच्या फ्रेडरिक्सहावनला निघाली होती. जहाज नुकतंच त्या मार्गावर आलेलं, खलाशी नवे, अनेकांना आपलंच जहाज नीट ठाऊक नाही, आणि प्रवाशांची भाषा एक तर त्यांची दुसरी. आग लागली आणि १५९ माणसं गेली. बहुतेक जण धुरानेच गेले. कॉरिडॉरच्या भिंतींवरच्या लॅमिनेटमधून निघालेला हायड्रोजन सायनाइड आणि सोबत कार्बन मोनॉक्साइड. आग कोणी लावली हा वाद नॉर्वेत आजही मिटलेला नाही. जहाजाचा झेंडा बहामाचा, प्रवासी मुख्यतः नॉर्वेचे, आणि आग विझवायला हेलिकॉप्टरने उतरले ते स्वीडनच्या गोथेनबर्गचे अग्निशामक. शेवटी जहाज ओढून नेलं तेही स्वीडनच्या लीसेकील बंदरात. त्या रात्री जे अग्निशामक जहाजावर उतरले ते धाडसाने उतरले; पण शहरातल्या इमारतीचं शिक्षण घेतलेल्या माणसाला जळत्या जहाजात सोडणं म्हणजे काय, हे सगळ्या स्कँडिनेव्हियाने पाहिलं. स्वीडनमध्ये पुढे यासाठी वेगळी तुकडी उभी राहिली, तिला 'रिट्स' म्हणतात. फिनलंड, एस्टोनिया, नेदरलंड्स, बेल्जियम इकडे हेच काम 'एमआयआरजी' नावाने चालतं: मेरिटाइम इन्सिडेंट रिस्पॉन्स ग्रुप. माणसं शहरांच्याच अग्निशमन दलातली. एरवी ती गाड्यांच्या आणि घरांच्या आगी विझवतात, वर्षातून ठरावीक दिवस दोरावरून उतरायचा आणि जहाजात शिरायचा सराव करतात.

ब्रिटनने २००६ मध्ये १५ अग्निशमन दलांना जोडून अशीच मोठी व्यवस्था सुरू केली आणि काही वर्षांत सरकारने पैसा काढून घेतला. रोज न लागणाऱ्या गोष्टीवर खर्च करायला कुठलंच सरकार फार काळ राजी नसतं, एवढंच त्यावर म्हणतो.

आता हद्दीचा प्रश्न. आगीला हद्द नसते असं म्हणायची पद्धत आहे, पण खरी गंमत ही की जहाजालाही नसते. ते वाहत जातं. ऑक्टोबर १९९८ मध्ये लाकूड घेऊन निघालेल्या 'पल्लास'ला डेन्मार्कच्या किनाऱ्यासमोर आग लागली. डॅनिश हेलिकॉप्टरांनी खलाशी उचलले, त्यात एकाचा जीव गेला. रिकामं, पेटलेलं जहाज वाऱ्याबरोबर जर्मनीच्या पाण्यात शिरलं. ओढायचे दोर तुटले, कोणत्या खात्याने काय करायचं यावर वेळ गेला, आणि ते आमरुम बेटाजवळ रुतून बसलं. गळलेल्या तेलाने हजारो समुद्रपक्षी मेले. जर्मनीने यातून धडा घेतला आणि २००३ पासून कुक्सहाफनला एकच कमांड बसवली. राज्य कोणतंही असो, मोठा अपघात झाला की हुकूम तिथून सुटतो.

ऑक्टोबर २०१० मध्ये 'लिस्को ग्लोरिया' ही प्रवासी फेरी पेटली तेव्हा फरक दिसला. झेंडा लिथुआनियाचा, निघाली जर्मनीच्या कीलहून, वाहत गेली डेन्मार्कच्या लांगेलांडजवळ. २३६ माणसं होती, सगळी वाचली. त्यांना चढवून घेणारं मुख्य जहाज जवळून जाणारी एक नेहमीची जर्मन फेरी होती. जहाज मात्र जळून कोळसा झालं. म्हणजे माणसं वाचली, लोखंड गेलं. या धंद्यात याला यश म्हणतात.

कागदाच्या बाबतीत एक गोष्ट घरी नीट समजावून सांगा, कारण बातम्यांत ती कायम गुलदस्त्यात राहते. माणूस वाचवणं आणि जहाज वाचवणं ही दोन वेगळी खाती आहेत. १९७९ च्या हॅम्बुर्ग करारानुसार समुद्राचे शोध-बचावाचे विभाग वाटून दिले आहेत. ज्याच्या विभागात तुम्ही, त्याने तुमचा जीव वाचवायची व्यवस्था करायची, आणि त्याचं बिल लावायचं नाही. आग विझवणं, जहाज ओढणं, माल सोडवणं हे मालकाचं आणि विमा कंपनीचं काम, त्यासाठी खाजगी सॅल्व्हेज कंपनी येते. तिचा करार जुन्या धाटणीचा असेल तर जहाज वाचलं तरच पैसे. म्हणून सरकारी पथक उतरतं ते मुळात माणसांसाठी: अडकलेले शोधायला, जखमी बाहेर काढायला, आणि माणसं हलेपर्यंत आग एका जागी दाबून धरायला. माणसं उतरली की पथकाचा प्रमुख निघायचा निर्णय घेऊ शकतो, आणि घेतोही. जहाज जळत असताना पथक परत गेलं ही बातमी वाचून लोक चिडतात. मला त्यात काही चूक दिसत नाही.

आणि हुकूम? तो कॅप्टनचाच. पथकाचा प्रमुख सल्ला देतो, कॅप्टन नको म्हणू शकतो. उलट कॅप्टनने सांगितलं तरी प्रमुख आपली माणसं आत पाठवायला नकार देऊ शकतो. हे आधी ठरलेलं नसेल तर काय होतं, हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक, 'फोर्ट स्टिकिन'. कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात. जहाज बाहेर ओढायचं की जागच्या जागी बुडवायचं, यावर दुपारभर कोणाचाच शब्द शेवटचा ठरला नाही. चार वाजून गेले आणि स्फोट झाला. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. आपला अग्निशमन सेवा दिन १४ एप्रिलला असतो तो त्यांच्यासाठी.

मी स्वतः असं पथक उतरताना एकदाच पाहिलं, तेही सरावात. सेकंड इंजिनिअर होतो, जहाज रो-रो, म्हणजे गाड्या थेट चालवत आत नेता येतात असं, नेदरलंड्सच्या व्लिसिंगेनसमोर नांगरलेलं. हेलिकॉप्टर डोक्यावर आलं की पहिला धडा: खाली सोडलेल्या दोराला लगेच हात लावायचा नाही. पंख्यामुळे त्यात वीज साठलेली असते, हूक आधी डेकला टेकू द्यायचा. आमच्या एका डेक कॅडेटने घाईत पकडला आणि झटका खाऊन खाली बसला. सहा जण उतरले, चार डच, दोन बेल्जियन. त्यांच्या प्रमुखाने आग कुठे आहे हे विचारलंच नाही. त्याने विचारलं: किती माणसं मोजणीत कमी आहेत, काय काय बंद केलंय, आणि मला स्वच्छ हवेत उभं राहायला जागा कुठली? मग मेसमध्ये टेबलावर नकाशा पसरला. आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, गुहागरचा, इंग्रजी जेमतेम. त्याने सॉसची बाटली उचलून तिसऱ्या डेकवर ठेवली: आग इथे. मिठाची डबी जिन्यावर: इथून जा. काट्याचमच्याने बंद दारं दाखवली. प्रमुखाला दोन मिनिटांत सगळं कळलं. डचांची मातृभाषा वेगळी, बेल्जियनांमधला एक फ्रेंच बोलणारा, आमच्यात मराठी, मल्याळी आणि तागालोग. सॉसच्या बाटलीने काम भागलं.

पुढे काय अडलं ते ऐका, कारण देशादेशांतलं सहकार्य अडतं ते अशा फालतू ठिकाणी. त्यांचे वॉकीटॉकी डेकवर उत्तम चालले, दोन पोलादी दारांच्या आत गेल्यावर मुके झाले. शेवटी झटका खाल्लेला तोच कॅडेट चिठ्ठ्या घेऊन पळत होता. त्यांचे सिलिंडर ३०० बार दाबाचे, आमच्या जहाजाचा कॉम्प्रेसर २०० पर्यंतच भरणारा. म्हणजे दोन फेऱ्यांनंतर त्यांच्या हवेचं काय? दुसरं हेलिकॉप्टर. आणि पाइपाचं तोंड! जर्मनी, नेदरलंड्समध्ये श्टोर्त्स जोडणी, फ्रान्समध्ये गिय्येमाँ, ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे वेगळीच, आणि जपानमध्ये बांधलेल्या जहाजांवर बहुधा नाकाजिमा. कार कॅरियर बरेचसे जपानी बांधणीचे, तेव्हा भावाच्या जहाजावरही तीच असेल. म्हणून ही पथकं एक पिशवी भरून अडॅप्टर आणतात. डच प्रमुखाने ती पिशवी डेकवर ओतली तेव्हा आमचा बोसन म्हणाला, "हा तर भंगारवाला निघाला."

ही डोकेदुखी समुद्रावरच्या लोकांनी फार पूर्वी ओळखली होती. ५०० टनांवरच्या प्रत्येक जहाजावर एक साधी लोखंडी तबकडी ठेवावी लागते, इंटरनॅशनल शोअर कनेक्शन. बाहेरचा व्यास १७८ मिलिमीटर, आतलं भोक ६४, चार बोल्ट १६ मिलिमीटरचे, बोल्टांचं वर्तुळ १३२. एका बाजूला ही ठरलेली मापं, दुसऱ्या बाजूला आपल्या जहाजाची जोडणी. जगातल्या कुठल्याही बंदराची किंवा टगची तबकडी तिला बसते आणि त्यांचं पाणी तुमच्या फायर लाइनमध्ये येतं. मी एका जहाजावर चार्ज घेतला तेव्हा तिची पेटी उघडून पाहिली. तबकडी रंगवून चकचकीत, बोल्ट चार, नट तीन.

दुसरी गोष्ट लाल नळकांडं. अकोमोडेशनच्या, म्हणजे राहायच्या खोल्यांच्या, बाहेर, वारा-पाणी लागणार नाही अशा नळकांड्यात फायर प्लॅनची प्रत गुंडाळून ठेवलेली असते, ती खास बाहेरून येणाऱ्यांसाठी. खुणा सगळ्या आंतरराष्ट्रीय, त्यामुळे भाषा आली नाही तरी पंप कुठे, आग विझवायच्या सीओटू गॅसची खोली कुठे, सुटकेचा जिना कुठे ते कळतं. दुरुस्तीत डेक बदलले, दार हलवलं, आणि प्लॅन जुनाच राहिला असं मी पाहिलंय. त्या प्लॅनवर विश्वासून धुरात शिरणारा माणूस परक्या देशाचा असतो, त्याला विचारायला कोणी नसतं.

आता 'फ्रीमँटल हायवे'. जुलै २०२३, ब्रेमरहाफनहून पोर्ट सैदकडे निघालेलं, नेदरलंड्सच्या आमेलांड बेटाच्या उत्तरेला पेटलं. झेंडा पनामाचा, मालक जपानी, खलाशी बहुतेक आपले भारतीय, त्यांतला एक गेला. काही जणांनी उंच डेकवरून पाण्यात उड्या मारल्या, त्यांना आमेलांडच्या लाइफबोटीने उचललं. आत ३,७८३ गाड्या, ४९८ इलेक्ट्रिक. पुढचे कितीतरी तास टीव्हीवर दिसत होतं की टग बाजूच्या पत्र्यावर पाणी मारतायत आणि आत कोणी जात नाही. लोकांना वाटलं, हातावर हात धरून बसलेत. तसं नव्हतं.

हिशेब करून बघा. १९ मिलिमीटरच्या नोझलमधून तासाला साधारण २५ टन पाणी जातं. दोन पाइप चार तास चालवले की २०० टन, आणि ते पाणी कार कॅरियरच्या एका सपाट, आडव्या भिंती नसलेल्या डेकवर. जहाज जरा कललं की सगळं पाणी एका बाजूला धावतं, मग आणखी कलतं. त्यात जळलेल्या वस्तूंचा कचरा निचऱ्याच्या भोकांत अडकतो. फेब्रुवारी २००६ मध्ये तांबड्या समुद्रात 'अल सलाम बोकाचिओ ९८' अशीच उलटली: गाड्यांच्या डेकवर आग, विझवायचं पाणी आतच साठलं, हजारावर माणसं गेली. १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्याला बांधलेलं 'नॉर्मंडी' हे प्रचंड प्रवासी जहाज अग्निशमनाच्या पाण्यानेच आडवं झालं. म्हणून आमेलांडसमोर पाणी बाहेरून मारलं: जहाजाचं कातडं, म्हणजे बाहेरचा पत्रा, थंड राहावं, ते फाटू नये, आणि आतली आग आत जळून संपावी. खाली वॉडन समुद्र, म्हणजे जागतिक वारशातली चिखलट उथळ किनारपट्टी. तिथे ते बुडालं असतं तर फार मोठं संकट झालं असतं. ३ ऑगस्टला जहाज ओढून एम्सहाफनला नेलं. इलेक्ट्रिक गाड्यांवर पहिल्याच दिवशी सगळं खापर फुटलं होतं. पुढे खालचे डेक उघडले तेव्हा तिथल्या गाड्या बऱ्या स्थितीत सापडल्या आणि इलेक्ट्रिक गाड्या त्यांतच होत्या. आईंना हेही सांगा.

शहरातल्या सवयी जहाजावर उलट्या पडतात. शहरात खिडकी फोडून धूर बाहेर काढतात. जहाजात सीओटू सोडला की सगळं बंद ठेवायचं असतं, एक दार उघडलं की गॅस गेला आणि ऑक्सिजन आला. जून २०२० मध्ये अमेरिकेच्या जॅक्सनव्हिलला धक्क्यावर उभ्या 'होग शियामेन' या कार कॅरियरच्या आगीत स्फोट होऊन ९ अग्निशामक जखमी झाले. जुलै २०२३ मध्ये न्यूअर्कला अशाच जहाजात दोघांचा जीव गेला. दोन्ही वेळी जहाज बंदरात होतं, पाणी होतं, माणसं भरपूर होती.

आपल्याकडे हे काम तटरक्षक दल आणि नौदल करतं, आणि हद्दीपलीकडेही करतं. सप्टेंबर २०२० मध्ये श्रीलंकेच्या पूर्वेला 'न्यू डायमंड' हा टँकर पेटला, कुवेतहून पारादीपला येणारं २.७ लाख टन कच्चं तेल घेऊन. श्रीलंकेचं नौदल आणि आपलं तटरक्षक दल खांद्याला खांदा लावून होते. आग विझली, पुन्हा धुमसली, पुन्हा विझवली, आणि तेलाला ती लागू दिली नाही. मे २०२१ मध्ये 'एक्स-प्रेस पर्ल' हे कंटेनर जहाज मात्र हातचं गेलं. नायट्रिक आम्ल गळणारा कंटेनर उतरवून घ्यायला आधी कतारच्या हमाद आणि मग गुजरातच्या हजिरा बंदराने नकार दिला, आणि जहाज कोलंबोसमोर पेटलं. आपली जहाजं तिथेही गेली, पण ते २ जूनला बुडालंच. दुसऱ्या देशासमोर जाऊन आग विझवायची तयारी होती, एक गळका डबा उतरवून घ्यायची नव्हती. जून २०२५ मध्ये कोलंबोहून न्हावा शेवाला येणारं 'वान हाय ५०३' केरळसमोर पेटलं तेव्हा २२ पैकी १८ जण वाचले. नौदलाच्या हेलिकॉप्टरने सॅल्व्हेजची माणसं पेटत्या जहाजावर उतरवली, ओढायचा दोर बांधता यावा म्हणून.

हेलिकॉप्टरच्या पल्ल्याबाहेर मात्र यातलं काही नाही. मार्च २०१८ मध्ये अरबी समुद्रात 'मर्स्क होनाम' ही मालवाहू बोट पेटली, ओमानच्या सलालाहपासून सुमारे ९०० सागरी मैलांवर. ५ जण गेले. बाकीच्यांना उचललं ते शेजारच्या वाटेने जाणाऱ्या दुसऱ्या मालवाहू जहाजाने.

तुमच्या भावाचा मार्ग उत्तर समुद्र आणि बाल्टिक. तिथे जवळजवळ कुठेही एखाद्या देशाचं हेलिकॉप्टर पोहोचतं, आणि झेंडा कोणाचा हे विचारून कोणी थांबत नाही. धुकं, बर्फ, ब्यूफोर्ट मापात दहाच्या वरचा, म्हणजे वादळी, वारा असेल तर उशीर होईल, कदाचित येताही येणार नाही. थर्ड ऑफिसरकडे बहुतेक जहाजांवर आगीच्या सामानाची देखभाल असते. तेव्हा फोनवर त्याला विचारा, शोअर कनेक्शनची पेटी शेवटची कधी उघडली आणि लाल नळकांड्यातला प्लॅन कोणत्या सालचा आहे. चिडेल थोडा, पण त्याच आठवड्यात बघून येईल.